दुसऱ्या दिव्याचा माणूस

त्यांना एखाद्या सिनेमाबद्दल विचारलं तर ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्याबद्दल सांगायचे. लालबागच्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. प्रेक्षकांना तो ठिपका कधी दिसत नाही आणि यांना दुसरं काही दिसत नसे. इतकी वर्षं रोजचे तीन खेळ दाखवून या माणसाला एकाही सिनेमाची गोष्ट सांगता येत नव्हती. शेवटी हिरॉईन मरते की वाचते असं विचारलं, तर शांतपणे म्हणायचे, ‘‘त्या टायमाला ती कोपऱ्यात नव्हती.’’ मला आधी ही थट्टा वाटायची. मग एकदा त्यांच्या केबिनमध्ये बसून आख्खा खेळ पाहिला आणि खात्री पटली की या माणसाला थट्टा करताच येत नाही.

डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत सगळे त्यांना ऑपरेटर म्हणत. त्यांची बायकोही शेजारणींशी बोलताना ‘आमचे ऑपरेटर’ असंच म्हणायची. मीही तेच म्हणायचो, आणि आता दुसरं नाव घेतलं तर ते माझ्याकडे वळूनसुद्धा बघणार नाहीत असं वाटतं.

मी तेव्हा परळहून लालबागकडे येणाऱ्या ट्रामच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, स्टुडिओ थाटला होता. थाटला हा शब्द जरा मोठाच झाला. एक खोली, तिच्यात रंगवलेल्या तळ्याचा पडदा, आणि काळं कापड लावून केलेली अंधारखोली. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. पोरगा कापडाच्या साच्यावर उभा राहायचा सोडून लोकांना ‘हनुवटी वर घ्या’ म्हणत बसतो, याचं त्यांना फार वाईट वाटे.

ऑपरेटर पहिल्यांदा आले ते मुलीचा, सुमनचा, फोटो काढायला. ती दादरच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. फोटो घ्यायला आले तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला, अंधारात धरला, उलटा धरला, आणि म्हणाले की एका बाजूनं पोरगी पिठासारखी पांढरी झालीय आणि दुसऱ्या बाजूनं भिंतीत गेलीय. मला राग आला. पण खरं होतं. माझ्याकडे दोन फ्लॅश होते आणि वापरत होतो एकच, कारण दुसरा धरायला माणूस नव्हता. ऑपरेटरनी तिथल्या तिथे दुसरा दिवा उचलला, बाजूला जाऊन उभे राहिले, आणि त्यानंतर लग्नं, बारशी, बक्षीस समारंभ, गणपती, जिथे जिथे मी कॅमेरा नेला तिथे तिथे तो दिवा त्यांच्याच हातात राहिला. थिएटर दुपारी उघडे. त्यांची सकाळ मोकळी असायची.

मदत कसली, डोक्याला ताप होता. नवरदेवाच्या अंगावर उजेड टाक म्हटलं की हे मागच्या ओळीतल्या एखाद्या म्हातारीवर टाकायचे. विचारलं की म्हणायचे, नवरदेव काय, आज सगळ्यांना दिसतोय. पाहुण्यांना दटावायचे, करवंदीच्या जाळीत शिरावं तसे बायकांच्या घोळक्यात दिवा घेऊन शिरायचे. चिंचपोकळीच्या एका लग्नात तर व्याह्यांनी यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. हे बाहेरच्या खिडकीतून दिवा आत धरून उभे राहिले. तो फोटो इतका सुंदर आला की व्याह्यांनी जास्तीच्या प्रती मागितल्या.

या दुसऱ्या दिव्याची खरी पीडा म्हणजे त्याची वायर. माझ्या कॅमेऱ्यापासून ऑपरेटरच्या हातातल्या दिव्यापर्यंत ती लांबलचक वायर मांडवभर पसरलेली असायची. मी बटण दाबलं की दोन्ही दिवे एकदम लागावेत म्हणून ती हवी. एका लग्नात मुलाचे मामा लाडवांचं ताट घेऊन त्या वायरीत अडकले आणि ताट, मामा आणि माझा कॅमेरा हे तिघेही एका वेळी खाली आले. त्या दिवसापासून ऑपरेटरच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. वायरीशिवाय दुसरा दिवा लागला पाहिजे.

माझा एक मावसभाऊ बोटीवर कामाला होता. त्याला मी सांगून ठेवलं, आणि पुढच्या खेपेला त्यानं विलायतेहून काडेपेटीएवढी एक डबी आणली. तिला समोर काचेचा बारीक डोळा. ही डबी दुसऱ्या दिव्याला लावायची. तिच्या डोळ्यानं पहिल्या दिव्याचा लखलखाट पाहिला की ती त्याच क्षणी आपला दिवा लावणार. वायर नको, धरायला माणूस नको. ऑपरेटरनी ती तळहातावर घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर बारशाच्या फोटोंत बापांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा पाहिलं.

डबीवर इंग्रजी अक्षरं होती. स्लेव्ह. म्हणजे काय, असं त्यांनी मला विचारलं. मी सहज सांगून गेलो, गुलाम.

त्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसले.

‘‘आत्ता कुठं दीक्षा घेऊन आलो मी नागपूरहून,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तू माझ्या हातात गुलाम देतोस?’’

मी म्हटलं, अहो, ते त्या लोकांनी दिलेलं नाव आहे, यंत्राचं आहे. ते म्हणाले की नावं नेहमी त्याच लोकांनी दिलेली असतात. त्यांच्या चाळीत त्या वर्षी घरोघर जुन्या तसबिरी उतरल्या होत्या, पोरांची नावं बदलली होती. हे बोलणं मी वाढवलं नाही. ते डबीला हात न लावता गेले आणि चार दिवस फिरकले नाहीत. मग एका सकाळी जिना चढता चढताच ओरडले, ‘‘नवरीच्या मागं दिवा घेऊन कोण उभी राहते?’’

‘‘करवली,’’ मी म्हटलं.

‘‘मग झालं तर. ती काय कोणाची गुलाम असते? मानाची असते.’’

तेव्हापासून ती डबी करवली झाली. पुढे आमच्या भागातल्या दुसऱ्या फोटोवाल्यांनीही तोच शब्द उचलला. ‘करवली आणलीस का’ असं एक फोटोवाला दुसऱ्याला भर मांडवात विचारायचा, आणि मुलाकडच्या बायका बावरून इकडेतिकडे बघायच्या.

नाव मिळालं, पण करवली काही लागेना. तिची पिन विलायती, माझ्या दिव्याचं भोक वेगळं. पिन बदलली तरी दिवा ढिम्म. ऑपरेटरनी यावर एक सिद्धान्त काढला. विलायतेत उजेड मऊ असतो, हिला तिथली सवय, आपला उजेड हिला उजेड वाटतच नाही. मग हिला सवय लावण्यासाठी ते तिला घेऊन गच्चीवर उन्हात बसायचे. सुमन मला हे सांगताना हसू दाबायची. शेवटी त्यांनी डबी उघडली, आतल्या दोन तारा सोडवल्या, पुन्हा जोडताना उलट्यासुलट्या जोडल्या, आणि मी पहिला दिवा मारताच दुसरा त्यांच्या तोंडावर लखकन लागला. त्या विलायती डबीचं अधिक-उणं आमच्या दिव्याच्या उलट होतं, एवढंच. चुकून झालं होतं, मी समोर होतो. पण त्या दिवसापासून ते ‘मी तारा उलट्या केल्या तेव्हा’ असं म्हणू लागले, आणि मीही मान डोलवू लागलो.

आनंदाच्या भरात त्यांच्या हातून तो विलायती डोळा फुटला. दुसरा कोणी रडला असता. ऑपरेटर थिएटरात गेले आणि खिशातून काचेची एक नळी घेऊन आले. सिनेमाच्या मशीनमध्ये फिल्मच्या कडेला अशीच नळी बसवलेली असते. ती कडेवरचा उजेड वाचते आणि त्याचा आवाज होतो. नळी जुनी झाली की आवाज बसतो, मग ती काढून टाकतात. अशा टाकलेल्या नळ्या यांनी साठवून ठेवल्या होत्या. ‘‘ह्यांचे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत,’’ ते म्हणाले. ती नळी, एक जास्तीची बॅटरी आणि त्या डबीचा उरलासुरला संसार त्यांनी साबणाच्या डब्यात भरला. ही करवली दिसायला ओबडधोबड, पण नजरेनं घार. विलायतीला समोरचं जेमतेम दिसे, हिला खोलीच्या त्या टोकाचं दिसायचं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. भिंती घोषणांनी भरलेल्या, आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. हरताळ असला की थिएटर बंद, माझा स्टुडिओ बंद. सकाळच्या सभेला ऑपरेटर जायचे, पोटातून घोषणा द्यायचे, आणि तिथून थेट माझ्याकडे यायचे. खाली सगळं सामसूम, वर आम्ही दोघं खिडक्या लावून करवलीची परीक्षा घेत बसलेले. मी दिवा मारायचो, करवली लागायची. दहा पावलांवरून लागायची, आरशातून लागायची, मी पाठ करून मारला तरी लागायची. एकदाही चुकली नाही. चाळीतले लोक म्हणू लागले की समितीपेक्षा ऑपरेटरलाच हरताळाची घाई असते.

अशाच एका दुपारी दारावर काठी वाजली. खाली बंदोबस्तावर असलेला हवालदार वर आला होता. बंद खिडकीच्या फटीतून सारखे लखलखाट दिसत होते आणि त्याला वाटलं की आम्ही मोर्चाला कसल्या खुणा करतोय. त्या दिवसांत एवढ्यावरही माणसं आत जात होती. ऑपरेटरनी मात्र त्याला खुर्ची दिली, करवली म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं, गच्चीवरच्या उन्हासकट. हवालदार घाटावरचा, थकलेला. ऐकता ऐकता त्यानं टोपी काढली, मग ‘माझा काढता का’ विचारून पुन्हा घातली, आणि रंगवलेल्या तळ्यासमोर उभा राहिला. दोन्ही दिवे लागले. गावी पाठवायला एक प्रत दे म्हणाला आणि जाताना खिडकीला जाड कापड लावायचा सल्ला देऊन गेला.

हे सगळं चाललं असताना सुमनचं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात होता. ती एकटीच स्टुडिओत आली आणि पत्रिका देऊन उभीच राहिली.

‘‘भाऊ, माझ्या लग्नात बाबा फोटोत पाहिजेत,’’ ती म्हणाली. ‘‘दिवा धरून नाही. माझ्या बाजूला.’’

मी म्हटलं, असतीलच की. ती म्हणाली, कसे असतील? शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा ते दिवा धरून होते. मावशीच्या लग्नात दिवा धरून होते. ‘‘मैत्रिणी विचारतात, ह्यात तुझे वडील कुठं आहेत. मी फोटोच्या बाहेर बोट दाखवते.’’

ती गेल्यावर मी कपाट उघडून बसलो. इतक्या वर्षांचे फोटो, त्यातला निम्मा उजेड या माणसानं धरलेला, आणि तो स्वतः एकातही नव्हता. एका बारशात भिंतीवर त्यांची सावली पडली होती, तेवढीच. मला चमत्कारिक वाटलं. ऑपरेटरना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, मग दिवा कोण धरणार? मी म्हटलं, करवली कशासाठी घडवलीत? स्वतःच्या हातानं स्वतःची सुट्टी घडवलीय हे त्यांच्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

लग्न परळला रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर, संध्याकाळचं. पहिली पाळी सुटून माणसांना अंघोळ करून येता यावं म्हणून. नव्या रीतीचं लग्न मी पहिल्यांदाच बघत होतो. अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत, त्यामुळे बटण कधी दाबायचं हेच मला कळेना. भन्तेजींनी वंदना म्हटली, दोघांनी हार घातले, तो फोटो मी एका दिव्यावर घाईत उरकला. खरा फोटो त्यानंतरचा होता. स्टेजवर सगळे, मध्ये नवरा-नवरी, सुमनच्या शेजारी तिचे आईवडील. माझ्या डाव्या हाताला बांबूवर दुसरा दिवा, त्याला लावलेली करवली.

ऑपरेटर कोट घालून, कोटाला गुलाब लावून आले होते. त्यांनी करवलीची कळ दाबली, आतली वीज भरल्याचा बारीक दिवा लागला, आणि ते स्टेजकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत असताना करवली आपोआप लखकन लागली. मी कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा भरली, पुन्हा आपोआप लागली. एकदा लागली की पुन्हा भरायला चहा गाळून होईल एवढा वेळ जायचा, आणि नेमका फोटोच्या क्षणी ती रिकामी असली तर तिच्या बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांवर, म्हणजे मुलीच्या घरच्यांवर, अंधारच. ऑपरेटरचा चेहरा उतरला. त्यांनी डब्याला थापट्या मारल्या, तारा चाचपल्या. तेवढ्यात खाली घंटा वाजली, दादरहून येणारी ट्राम वळणावर आली, वरच्या तारेला तिचा दांडा घासून निळी ठिणगी चर्रकन उडाली, आणि करवली लागली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. करवलीची एकूण एक परीक्षा आम्ही हरताळाच्या दिवशी घेतली होती. त्या दिवशी ट्राम कुठून असणार? मला हसू आवरेना. ऑपरेटर हसले नाहीत. खिडक्या उंच, काचेच्या, पडद्याची सोय नाही. ते गुलाब काढून खिशात टाकत म्हणाले, ‘‘वायर काढ. कोणी अडकलं तर बांबूच खाली येईल, मी धरतो.’’

मी पिशवीतून वायर काढून त्यांच्या हातात दिलीही. ते बांबूजवळ जाऊन दिवा सोडवायला लागले. स्टेजवरून सुमन हे बघत होती.

‘‘बाबा, ती वायर खाली ठेवा,’’ ती म्हणाली. नवरीनं एवढ्या मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. ‘‘तुम्ही तिकडं उभे राहणार असाल तर मीपण तिकडं येते. मग भाऊंना काढू दे रिकाम्या खुर्च्यांचा फोटो.’’

ऑपरेटर वायर हातात घेऊन तसेच उभे. मुलाकडची मंडळी चुळबुळ करू लागली. त्यांची बायको तोंडाला पदर लावून खाली बघत होती. मला त्या क्षणी त्यांचा खरोखर राग आला. एका दिव्यापायी माणूस पोरीला एवढं ताटकळत ठेवतो?

मग त्यांनी खिशात हात घातला. गुलाबाबरोबर लग्नाची पत्रिका बाहेर आली. त्यांनी ती गुंडाळून तिची सुरळी केली, हाराचा दोरा तोडून करवलीच्या डोळ्यावर बांधली, आणि सुरळीचं तोंड बरोबर माझ्या कॅमेऱ्याकडे वळवलं. व्हिक्टोरियाच्या घोड्याला झापडं लावतात तसं. आता हिला माझ्याशिवाय काही दिसणार नव्हतं. मला म्हणाले, ‘‘इथून बोटभरसुद्धा हलायचं नाही.’’ आयुष्यभर मांडवात उड्या मारत फिरलेला मी खुंटीला बांधल्यासारखा उभा राहिलो.

पण परीक्षा कशी घ्यायची? ट्राम यायला हवी. मग आख्खं लग्न ट्रामची वाट बघत थांबलं. नवरा-नवरी, दोन्हीकडचे वडीलधारे, मिलमधली माणसं, सगळे खिडकीकडे कान लावून. भन्तेजीसुद्धा हात जोडून शांतपणे थांबले होते. घंटा ऐकू आली. ठिणगी उडाली, काचा निळ्या झाल्या, आणि करवली गप्प राहिली. असा गजर झाला की खाली ट्राममधल्या माणसांना वर पुढारी आलाय असं वाटलं असेल.

ऑपरेटर स्टेजवर गेले. सुमननं त्यांचा कोट ओढून नीट केला, गुलाब पुन्हा लावला, आणि त्यांचा हात धरून ठेवला. मी म्हटलं, इकडे बघा. बटण दाबलं. माझ्या स्वतःच्या दिव्यानं माझे डोळे दिपले; करवली लागली की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत कागद धुता धुता एकेक चेहरा वर येऊ लागला. करवली लागली होती. डावी बाजू, मागची ओळ, अगदी टोकाला उभी असलेली त्यांची म्हातारी आत्या, सगळे स्वच्छ. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. फक्त ऑपरेटर नव्हते. त्यांनी मान डावीकडे वळवली होती, तोंड किंचित उघडं, आणि ते आपल्या दिव्याकडे बघत होते. करवलीकडे सरळ बघितल्यामुळे त्या आख्ख्या फोटोत सगळ्यात जास्त उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता.

मी फोटो पुन्हा काढायची तयारी दाखवली. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. ‘‘लागली ना?’’ एवढंच म्हणाले. सुमननं फोटो पुष्कळ वेळ बघितला. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘बाबांचा कान छान आलाय.’’

महाराष्ट्र झाला. त्यानंतर काही वर्षांनी ऑपरेटर गेले, थिएटरच्या केबिनमध्येच, खेळ चालू असताना. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून सुमन आली. मी कपाट पुन्हा उपसलं. दुसरा फोटो नव्हताच. तोच मोठा करायचा ठरला. झोपलेले डोळे उघडायचे, तिरळे सरळ करायचे, हे काम आम्ही तेव्हा ब्रशनं रोज करायचो. मी बारीक ब्रश भिजवला आणि तिला म्हटलं, मान थोडी वळलेली राहील, पण डोळे मी समोर आणून देतो, घरात शिरणाऱ्याकडे बघतायत असं वाटेल.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘डोळ्यांना हात नका लावू, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांचं बघून व्हायचंय अजून.’’